चटई अंथरून ठेवा

एका वाचक भगिनीचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातला मुख्य मजकूर असा:

“मी 43 वर्षांची, ठाण्यात राहते. कुडाळ तालुक्यात सासरचं जुनं घर आहे, गणपती तिथेच बसतो, पाच दिवसांचा. आम्ही सगळे मिळून 22 जण होतो. सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे काका, 86 वर्षांचे आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. सासूबाई 74 वर्षांच्या. सर्वांत धाकटा 4 वर्षांचा. मधल्या वयाचे आम्ही, 15 वर्षांचा पुतण्या, कॉलेजातल्या दोन भाच्या. यंदा धाकटे दीर कॅनडाहून येणार आहेत. त्यांच्या 9 वर्षांच्या मुलीला मराठी समजतं, पण बोलायला ती लाजते.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून संध्याकाळी घर गप्प असतं, म्हणून गेल्या वर्षी मी ठरवून कार्यक्रम केला. दोन गट पाडून भेंड्या, हाउजी, दमशेराज, उखाणे. बक्षिसंही नेली होती. मोठे काका दहा मिनिटांत उठून पडवीत जाऊन बसले. एका गाण्यावरून नणंद आणि जाऊबाई यांच्यात शब्द वाढले. पुतण्या मोबाइल घेऊन माळ्यावर गेला. उखाणे सुरू झाल्यावर सासूबाई आत गेल्या त्या आल्याच नाहीत. त्या रात्री मला रडू आलं. बाबा असताना असं नव्हतं. बाबा काही करायचे नाहीत, जेवणं झाली की पडवीत चटई टाकून पत्ते पिसत बसायचे, आणि बघता बघता घर भरून जायचं. यंदा मला असा एखादा खेळ सांगा, जो 4 वर्षांपासून 86 वर्षांपर्यंतचे सगळे एकत्र बसून खेळतील. फार दंगा नको, भांडणं नकोत, आणि मोबाइल बाजूला राहायला हवेत.”

ताई,

श्रावण संपत आला की तुमच्यासारखी पत्रं येऊ लागतात आणि बहुतेकांच्या शेवटी हीच मागणी असते, सगळ्यांना चालेल असा एक खेळ सांगा. तसा खेळ माझ्याकडे नाही. चार वर्षांच्या मुलाला जे खेळावंसं वाटतं ते शहाऐंशी वर्षांचा माणूस दहा मिनिटं कौतुकाने बघतो, अकराव्या मिनिटाला त्याची पाठ दुखू लागते. पंधरा वर्षांच्या मुलाला तर ते बघवतही नाही. यात कुणाचंच काही चुकत नाही. म्हणून तुमची मागणी मी थोडी बाजूला ठेवते. तुम्हाला हवं आहे ते तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे असं मला वाटतं.

‘बाबा काही करायचे नाहीत.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटतं ते फार मोलाचं काहीतरी करत होते, फक्त ते काम म्हणून कुणाला दिसत नव्हतं. ते आधी जाऊन बसत. कुणाला हाका मारत नसत, किती जण आले हे मोजत नसत. कुणी आलं नसतं तरी ते बसलेच असते आणि घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. त्यामुळे तिथे जाऊन बसणं म्हणजे कुणावर उपकार नव्हते आणि न बसणं म्हणजे कुणाचा अपमान नव्हता. मधूनच येता येत होतं, डाव अर्धा टाकून चहाला उठता येत होतं. आपल्या जागी दुसरं कुणीतरी पानं उचलायचं.

हातात पानं असली की आणखी एक सोय होते, बोलायलाच हवं असं राहत नाही. गप्प बसलेला माणूसही डावात असतो. वर्षभराने भेटलेल्या नातेवाइकांना समोरासमोर खुर्च्या मांडून बसवलं तर ‘काय, कसं काय’ झाल्यावर दोन मिनिटांत विषय संपतो. तीच माणसं बदामाची अठ्ठी कुणी दाबून ठेवली आहे यावर हुज्जत घालता घालता नोकरीतला त्रास सांगतात, मुलीचं कुठेतरी जमत आल्याचं सांगतात, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे का ढकललं ते सांगतात. माझ्या आजोळी हे काम कडव्या वालांनी केलं. भिजवून मोड आणलेल्या वालांची परात मध्ये आणि भोवती आम्ही सात-आठ जण, मुलं-मोठी सगळी, डाळिंब्या सोलत. मामाने दुकान बंद करायचं ठरवलं आहे हे मी त्या परातीभोवती ऐकलं. त्याने मान वर न करता सांगितलं आणि आजीने मान वर न करता ऐकून घेतलं. दोघांचे हात चालू होते म्हणून ते जमलं.

आता गेल्या वर्षीचा तुमचा कार्यक्रम आठवा. त्यात तुम्ही कष्टांत काही कमी ठेवलं नव्हतं, उलट फार केलं. पण वेळ ठरलेली, गट ठरलेले, बक्षिसं मांडलेली, आणि प्रत्येकाला सगळ्यांसमोर काहीतरी करून दाखवायचं. बसायचं तर शेवटपर्यंत, उठलं तर सगळ्यांना दिसणार. माणसं खेळाला कंटाळली नसावीत. कडेला बसायला जागा नव्हती, म्हणून ती उठून गेली. तेव्हा यंदा खेळ निवडताना मी एकच कसोटी लावीन: यात मधूनच येता येतं का, मधूनच उठता येतं का, आणि नुसतं बघत बसलं तर चालतं का?

‘सगळे एकत्र’ या शब्दांचंही थोडं बोलायला हवं. तुमच्या घरात सगळे एकत्र येतातच, रोज दोनदा, आरतीला. 4 वर्षांचा मुलगा आणि 86 वर्षांचे काका एकाच वेळी, एकाच ठेक्यावर जे करतात ते हेच. काकांना ऐकू कमी येत असेल, पण ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत सगळं त्यांना पाठ असणार, आणि टाळ हातात असला की ठेका अंगाला कळतो. कॅनडाहून येणाऱ्या मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी झांज द्या. तिला काही बोलून दाखवावं लागणार नाही आणि तिच्यावाचून आरती सुरूही होणार नाही. घाई नसेल त्या संध्याकाळी दोन-तीन आरत्या जास्त म्हणा, जुन्या, आताशा न म्हटल्या जाणाऱ्या. त्या फक्त काकांना किंवा सासूबाईंना येत असतील तर फारच छान. एवढं झाल्यावर उरलेल्या वेळात पडवीत चौघं, माजघरात सहा जणी, अंगणात मुलं आणि एक जण खाटेवर आडवा, असं घर असलं तर ते विस्कटलेलं आहे असं समजू नका. भरलेलं घर असंच दिसतं.

काकांबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण बऱ्याच घरांत हे होतं आणि ‘त्यांना आवडत नाही’ असं म्हणून आपण सोडून देतो. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला एका माणसाचं बोलणं शांत जागी बऱ्यापैकी समजतं. वीस जण एकदम बोलू-गाऊ लागले की सगळ्याचा एकच गलका होतो. कानातलं यंत्र असलं तरी तो गलका पुरता सुटा होत नाही. ते दहा मिनिटांत उठले, कारण त्यांच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. त्यांची जागा भिंतीला पाठ लावून ठेवा, म्हणजे मागून येणारा आवाज कमी होतो. ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला एकच माणूस बसवा. समोरच्यांच्या तोंडावर उजेड हवा, कारण ते ओठ बघून निम्मं समजून घेत असतील. भाद्रपदात कोकणात दिवे कधी जातील सांगता येत नाही, तेव्हा चार्जिंगचा एक चांगला दिवा पडवीत टांगून ठेवा. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नसेल तर चटईऐवजी खाटेवर डाव मांडा आणि बाकीच्यांनी भोवती स्टूल घ्यावीत. हाउजी खेळायचीच असेल तर जो आकडे पुकारतो त्याने प्रत्येक आकडा पाटीवर लिहून वर धरावा. तिकिटावर 15 आकडे असतात, ते डोळ्यांनी जुळवता आले की काका कुणाच्या मागे राहणार नाहीत. आणि हा पाटी धरण्याचा मान चार वर्षांच्या नातवाला मिळाला तर तोही तासभर जागेवर बसेल.

सासूबाईंचं वाचून मला वाईट वाटलं. उखाण्यांचा फेरा सुरू झाला की ज्या बाईचा नवरा गेलेला आहे तिच्यापाशी येऊन सगळे अडखळतात. तिला वगळलं तरी दुखतं, विचारलं तरी दुखतं. लग्न न झालेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, त्यांचंही तेच. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला कळतं. सगळीकडे खेळतात म्हणून तुम्हीही घेतला. पण नवऱ्याचं नाव घेण्याचा फेरा घरगुती बैठकीतून काढून टाकावा असं माझं ठाम मत आहे. यमक जुळवण्याची गंमत हवी असेल तर नाव कुणाचंही घ्यायचं असं ठरवा: नातवाचं, घरच्या कुत्र्याचं, गावच्या नदीचं, आवडत्या भाजीचं. पुरुषांनी आणि मुलांनीही घ्यायचं. सासूबाईंना त्यांच्या यजमानांचं नाव घ्यावंसं वाटलं तर त्या घेतील, आणि ते त्यांच्या मनाने आलेलं असेल. जाण्याआधी एकदा फोन करून त्यांना एवढंच म्हणा, “गेल्या वेळी उखाण्यांचं माझ्या लक्षात आलं नाही, यंदा नको करूया.” जास्त समजावू नका.

पुतण्या मोबाइल घेऊन माळ्यावर गेला, कारण पंधराव्या वर्षी सगळ्या काकू-आत्यांसमोर अभिनय करून दाखवण्यासारखी शिक्षा नाही. मोबाइल गोळा करून डब्यात ठेवायचा नियम तुमच्या मनात घोळत असेल तर तो करू नका. मुलं डब्याकडे बघत बसतील, आणि मोठ्यांना ऑफिसचे फोन घ्यायला उठावं लागलं की नियम फक्त मुलांसाठी आहे हे त्यांना कळतं. त्याला असं काहीतरी द्या जे त्याच्यावाचून अडेल. एक काम मला सुचतं. घरात जुने फोटो असतील, ट्रंकेत, पाकिटात, भिंतीवर. एका दुपारी ते माजघरात मांडा. कोण कोण आहे हे मोठे काका आणि सासूबाई सांगतील. भाच्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलकेच नावं लिहितील (बॉलपेनने नको, पुढच्या बाजूला वळ उठतात). पुतण्या खिडकीपाशी, सावलीतल्या उजेडात, एकेका फोटोचा मोबाइलवर फोटो काढील आणि सांगणाऱ्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित करील. इथे काकांना फारसं ऐकावं लागत नाही, त्यांना सांगायचं आहे. बाबांचे फोटो निघतील तेव्हा कुणाचे डोळे भरून येतील. येऊ द्या, लगेच विषय बदलू नका.

आता साहित्याचं. एका कापडी पिशवीत मावेल एवढंच न्या: पत्त्यांचे दोन जोड, त्यातला एक मोठ्या आकड्यांचा, खडू, पाटी, चार कवड्या, पाच सागरगोटे. कॅरम बोर्ड घरी असेल तर बोरिक पावडरचा डबा. बक्षिसं नकोत. गुणांचा हिशेबही दुसऱ्या दिवसावर नेऊ नका. रोज रात्री पाटी पुसायची.

पत्त्यांत सगळ्या वयांना सोसणारा डाव बदाम सातचाच. ज्याच्याकडे बदामाची सत्ती तो सुरू करतो, मग तिच्या खाली छक्की, वर अठ्ठी, किंवा दुसऱ्या रंगाची सत्ती. पान नसलं तर पास. आकडे ओळखणारं मूल लगेच शिकतं, आणि मोठ्यांना पानं दाबून ठेवण्यात डोकं चालवता येतं. आठ जणांच्या वर गेलात तर दोन्ही जोड एकत्र करा. धाकट्याला वेगळी पानं देऊ नका. त्याला आजीच्या मांडीवर बसवा, आजीने पान दाखवायचं आणि त्याने टाकायचं. आजीला मोतीबिंदूमुळे पानं नीट दिसत नसतील तर तोच तिचे डोळे होतो. मुलामुलांचा वेगळा डाव बसला तर गुलामचोर. आणि मोठ्या काकांना तीनशे चार येत असेल, कोकणातल्या त्या पिढीला बहुधा येतं, तर त्यांना पुतण्याला शिकवायला सांगा. सत्तीपासून वरची 32 पानं, चार जण. गुलामाचे 30, नव्वीचे 20, एक्क्याचे 11, दश्शीचे 10, राजाचे 3, राणीचे 2, अठ्ठी-सत्तीला काही नाही. एका रंगाचे 76 आणि चार रंगांचे 304. गुलाम राजाच्या दहापट किमतीचा असतो हे कळल्यावर पंधरा वर्षांच्या मुलाला पुढचं ऐकावंसं वाटतं, आणि नातवाला मुद्दाम जिंकू देणारे काका त्या पिढीत नसतात, हेही त्याला आवडेल.

पडवीच्या लाद्यांवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखून ठेवा. कुणी त्याला चल्लस आठ म्हणतं, कुणी अष्टाचंग, घरागणिक नाव आणि नियम बदलतात. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून अर्धे करा, पांढरी बाजू वर आली की एक. सोंगट्यांना तुरीचे दाणे, खडे, बटणं काहीही चालतं. पट आखलेला राहिला की येता-जाता कुणीतरी उकिडवं बसतंच. सागरगोट्यांचंही तसंच. करड्या रंगाच्या, हाताला गार लागणाऱ्या त्या बिया सासूबाईंच्या पुढ्यात नुसत्या ठेवून द्या. एक उडवून खालचा उचलायचा, मग दोन, मग तीन. त्यांच्या बोटांना अजून आठवत असेल. तोंडाने काही बोलावं लागत नाही, त्यामुळे कॅनडाची नात त्यांच्याशेजारी बसून तासभर तेच करू शकते.

कुडाळहून सावंतवाडी जवळ आहे. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन गेलात तर तिथली लाकडी खेळणी आणि गंजिफा दाखवा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात 120 पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. संच स्वस्त नसतो आणि डाव शिकायला वेळ लागतो, पण आपल्या जिल्ह्यात पत्त्यांवर मत्स्य आणि वराह रंगवतात हे मुलांना डोळ्यांनी बघू द्या.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जिच्यासाठी शहरातली माणसं झुरतात. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट. ती बांधायचं काम दोघा पुरुषांवर सोडून बाकीचे आपापल्या उद्योगाला जातात, तसं यंदा करू नका. आदल्या दिवशी सगळा माल ओटीवर पसरा: आंब्याचे टाळ (डहाळ्या), सुपारीचं शिपटं, नारळ, तवसं (काकडी), आणि कवंडाळ, हरणं, कांगलं ही रानातली फळं-फुलं. मुलांनी एकेक उचलून काकांपुढे न्यायचं, काकांनी नाव सांगायचं आणि कुठल्या बाजूच्या रानात मिळतं तेही. बांधून झाली की पुढचे पाचही दिवस तिच्याखाली बसून ओळखण्याचा खेळ चालतो: “लालभडक, गोल, चाखशील तर थुंकशील, सांग कुठं आहे?” आणि मूल मान वर करून कवंडाळ शोधतं. हा खेळ कुणी आखलेला नाही, तो घरात टांगलेलाच आहे.

मोदकांचंही तसंच. उकड मळून झाली की परात स्वयंपाकघरातून माजघरात आणा. दीर-भाच्या सगळ्यांनी एकेक पारी करून बघायची. कुणाच्या मोदकाला किती कळ्या पडल्या ते मुलांनी मोजायचं. उरलेल्या उकडीत मिरची-मीठ-जिरं घालून निवगऱ्या करायच्या, त्या मुलांच्या स्वाधीन. वाकड्या झाल्या तरी चवीला काही बिघडत नाही.

भेंड्या सोडू नका, गट सोडा. नणंद-जावांचं भांडण गाण्यावरून पेटलं असलं तरी ते गाण्याचं नसणार. दोन बाजू पाडून त्यांना समोरासमोर बसवल्यामुळे आतलं बाहेर आलं. यंदा गोल बसा आणि अक्षर एकेकाकडून पुढे जाऊ द्या. ज्याला सुचणार नाही त्याला शेजाऱ्याने सांगायचं. चित्रपटगीत, अभंग, ओवी, शाळेतली कविता, जाहिरातीतली ओळ, सगळं चालेल. ‘ण’ आला तर ‘न’, ‘ळ’ आला तर ‘ल’. गाणं नको असेल तर गावांच्या भेंड्या: चिपळूण, नाशिक, कणकवली, लांजा, जव्हार, राजापूर, रोहा, हिंगोली. यात आवाज लावावा लागत नाही, पाटीवर लिहिता येतं, आणि लाजणाऱ्या मुलीला टोरांटोसुद्धा चालेल. शेवटच्या ‘ट’वर सगळेच अडतील. दमशेराज हवाच असेल तर सिनेमांऐवजी म्हणी घ्या. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ किंवा ‘उंदराला मांजर साक्ष’ ही करून दाखवायला सोपी, ओळखायला मजेची, आणि सासूबाई सगळ्यांच्या आधी ओळखतील. मात्र ज्याला उठावंसं वाटेल त्यानेच उठायचं.

झोपायच्या आधी, दिवे मालवल्यावर, अंथरुणावर पडल्या पडल्या कोडी घालणं हा मला सगळ्यांत आवडणारा प्रकार आहे. सुपभर लाह्या, त्यात एक रुपया. बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. चांदण्यांतला चंद्र आणि दातांतली जीभ, ही उत्तरं अंधारात कुणीतरी पुटपुटतं आणि ते कोण होतं हे आवाजावरूनच कळतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. तुम्ही स्वतः कधी खेळलात? नियोजन तुमचं, बक्षिसं तुमची, पुकारणंही तुमचं, आणि मधल्या वेळात चहा कुणी केला हे विचारायला नकोच. बाबा बसू शकत होते, कारण जेवणानंतर त्यांना भांडी घासायची नव्हती. हे त्यांच्याबद्दलचा आदर ठेवूनच म्हणते. तुम्ही बसावं असं वाटत असेल तर रात्रीचं आवरणं दिरांनी आणि भाच्यांनी वाटून घ्यायला हवं, आणि हे निघण्याआधी फोनवर, यजमानांच्या तोंडून ठरायला हवं. एक वेळचं जेवण खिचडी-कढीवर निभावलं तरी गणपतीला काही कमी पडत नाही. संध्याकाळी भजनी मंडळी येणार असतील त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका. उसळीचं पातेलं चढवा, झांजा वाटा, तेवढं पुष्कळ होतं.

ज्यांचं गावी घर नाही, ज्यांचे नातेवाईक दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये केळवणाला नाहीतर भाऊबिजेला चार तासांसाठी जमतात, त्यांनाही यातलं बरंच करता येईल. टीव्ही बंद करा आणि जेवणाच्या टेबलावर पत्ते, सोलायला मटार किंवा भुईमुगाच्या शेंगा ठेवा. खिरापत ओळखण्याचा भोंडल्यातला खेळ तर कुठल्याही दिवशी चालतो. गोडाचा डबा झाकून हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं, ओळखलं की खायचं. परदेशात शनिवार-रविवारी हॉल घेऊन गणपती करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की कार्यक्रमपत्रिकेत दोन तास कोरे ठेवा आणि कोपऱ्यात दोन सतरंज्या टाका.

ताई, पहिल्या रात्री तुम्ही चटई टाकाल तेव्हा कदाचित अर्धा तास कुणी येणार नाही. कुणाला बोलावू नका. पत्ते पिसा, एकटीने पेशन्स लावा, चुकीचं पान लावलंत तर बाजूने जाणारा कुणीतरी थांबून सांगेलच. पत्त्यांचा नवीन जोड न्या, पण बाबांचा जुना जोड त्या घरात कुठेतरी असेल, तो सासूबाईंकडून मागून घ्या. त्यातलं एखादं पान हरवलं असेल तर कोणतं ते त्यांना ठाऊक असेल.